आरसीसीबी ४० अँपिअरचा, मग ९ वॉटच्या बल्बवर का ट्रिप होतो?

प्रश्न
डीबीत (घरातल्या मुख्य वीजवाटप पेटीत) ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा दोन पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे. इन्व्हर्टर बसवल्यापासून हॉलमधला ९ वॉटचा एलईडी लावला तरी ट्रिप होतो, वीज गेलेली असताना बॅटरीवरही. इन्व्हर्टरची इनपुट वायर आरसीसीबीच्या आधी, मेन स्विचवरून घेतली आहे. लोड वाढला म्हणून ६३ अँपिअरचा टाका, असा सल्ला मिळाला. यातला कुठला आकडा ट्रिपिंग ठरवतो?

उत्तर १
३० मिलिअँपिअर. ४० अँपिअर म्हणजे त्याचे कॉन्टॅक्ट किती करंट कायम वाहून नेऊ शकतात, एवढंच. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट आरसीसीबी बघतच नाही, ते काम एमसीबीचं (करंट जास्त झाला की पडणाऱ्या स्विचचं). ६३चा टाकून काहीही बदलणार नाही, पैसे घालवू नका.

आरसीसीबीच्या आत फेज आणि न्यूट्रल एकाच कोअरमधून (चुंबकीय कड्यातून) जातात. गेला तेवढाच करंट परत आला तर सगळं ठीक. १५ ते ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो ट्रिप होतो. तुमच्या बल्बला फेज इन्व्हर्टरमधून, म्हणजे आरसीसीबीच्या बाहेरून मिळतो, पण न्यूट्रल डीबीतल्या जुन्याच न्यूट्रल पट्टीवरून आरसीसीबीतून परत जातो. ९ वॉटला २३० व्होल्टवर किमान ३९ मिलिअँपिअर लागतात. तो अख्खा करंट आरसीसीबीला लीकेज वाटतो. बॅटरीवरही परतीचा रस्ता तोच, म्हणून तेव्हाही ट्रिप.

उत्तर २
वरचं निदान बरोबर. उपाय: डीबीत इन्व्हर्टरसाठी वेगळी न्यूट्रल लिंक (न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) लावा. आउटपुटचे फेज-न्यूट्रल २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरच्या स्वतंत्र आरसीसीबीतून घ्या. फेज पुढे एमसीबींना, न्यूट्रल नव्या लिंकवर.

खरी मेहनत स्विचबोर्डांवर आहे. एकाच बोर्डात पंखा-दिवा इन्व्हर्टरवर, प्लग मेनवर आणि दोघांना मिळून एकच न्यूट्रल, हे सर्रास सापडतं. तिथे पाइपमधून दुसरी न्यूट्रल वायर ओढावीच लागते. कामाआधी मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करा. नाहीतर मेन बंद असूनही त्याच्या फेजवर २३० व्होल्ट असतात.

आणखी एक प्रश्न
आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. सगळे एमसीबी खाली केले तरी आरसीसीबी कधीकधी ट्रिप होतो. मग लीकेज येतं कुठून?

उत्तर २
न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकला असणार. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मेन बंद करून सगळी उपकरणं प्लगमधून काढा, लिंकवरचे न्यूट्रल सोडवा आणि एकेक वायर अर्थशी ५०० व्होल्ट मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) तपासा. १ मेगओहमच्या खाली दाखवेल ते सर्किट दोषी. बहुधा गच्चीवरचा ओला जंक्शन बॉक्स निघतो. वायरिंग स्वच्छ निघालं तर गीझरचं एलिमेंट असंच तपासा.

आणि टेस्ट बटण चाललं म्हणून अर्थिंग ठीक आहे असं धरू नका. ते बटण आतल्या रेझिस्टरमधून फरक निर्माण करतं, अर्थ वायर तुटलेली असली तरी आरसीसीबी ट्रिप होईलच.