रिफर्बिश्ड निकॉन: डी५३०० घेऊ का?

रत्नांग्रीकर: पहिलाच कॅमेरा, बजेट १८ हजार. दुकानदार डी५३०० देतोय, ६ महिने वॉरंटी. मामाची जुनी ५० एमएम एएफ-डी लेन्स घरात पडून आहे. चालेल ना?

लेन्सवेडा: बसेल, पण ऑटोफोकस विसर. एएफ-डी लेन्सला फोकससाठी कॅमेऱ्यातली मोटर लागते, आणि डी५३००च्या बॉडीत फोकस मोटरच नाही, हाताने रिंग फिरवत बसायचं. निकॉनच्याच डी७०००मध्ये आहे. त्याचे मेगापिक्सेल १६च, पण शिकायला बास.

पावसाळी: आधी त्या लेन्समध्ये टॉर्च मारून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. माझी एक कपाटातच गेली, कोकणातला पाऊस बाबा! आणि शटर काउंट (कॅमेऱ्याने आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा) विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

रत्नांग्रीकर: बघितलं. कडेला दोन धागे आहेत 😬

लेन्सवेडा: तेवढे फोटोत बहुधा नाही दिसणार. वेळीच साफ करून घे, नव्या लेन्सशेजारी मात्र ठेवू नकोस.