घरी सराव आणि बँड, दोन्हीला गिटारचा एकच अ‍ॅम्प? (बजेट २५ हजार, ताणून ३०)

कल्याण_स्लो

नमस्कार मंडळी. वय ३६, डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके. कॉलेजात गिटार वाजवायचो. मग नोकरी, लग्न, हप्ते, आणि दहा वर्षं गिटार कपाटावर. गेल्या दिवाळीपासून ऑफिसातल्या तिघांबरोबर पुन्हा सुरू केलंय: बेस, ड्रम्स, एक गायिका आणि मी. दर रविवारी ठाण्यात दोन तास प्रॅक्टिस रूम घेतो, तासाला चारशे. जुनी हिंदी-मराठी गाणी जरा रॉकच्या अंगाने, शिवाय आमची स्वतःची दोन.

माझ्याकडे गिटारसोबत पॅकेजमध्ये आलेला, गिटारचा आवाज मोठा करणारा दहा वॉटचा अ‍ॅम्प आहे. घरी त्याने कधी त्रास दिला नाही. मागच्या रविवारी तो रूमवर नेला आणि शोभा झाली. व्हॉल्यूम पार शेवटाला, बेस आणि ट्रेबल फुल, मी जीव तोडून सोलो वाजवतोय आणि गाणं संपल्यावर ड्रमर विचारतो, "तू यात वाजवत नाहीस का?"

रूमवर त्यांचा एक मोठा काळा अ‍ॅम्प असतो. त्याला इतके नॉब आहेत की वीस मिनिटं सेटिंगमध्येच जातात. म्हणून एकदाचा शंभर वॉटचा घेऊन टाकावा असं मनात आहे. पण मुलगी चार वर्षांची, नऊला झोपते. माझा सराव त्यानंतर. भिंतीपलीकडे काकू आहेत, त्यांना मिक्सरसुद्धा खपत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे न्यूजर्सीचा मावसभाऊ डिसेंबरात येतोय. तो तिकडून पंधरा वॉटचा ट्यूब (जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प वापरलेला, स्वस्तात आणतो म्हणतोय. पण दहाच्या जागी पंधराने काय होणार?

गाडी नाही. जे काय घेईन ते लोकलने न्यायचं आहे.

रिटायर्ड_ऱ्हिदम

अरे बाबा, आमच्या ऑर्केस्ट्रात गिटारला वेगळा अ‍ॅम्प ही चैनच होती. सुरुवातीची दोन वर्षं मी सरळ आहुजाच्या पीएमध्ये (गायकाच्या लाउडस्पीकरच्या यंत्रात) जॅक खुपसून वाजवलं. मग लॅमिंग्टन रोडवरून २एन३०५५ ट्रान्झिस्टर आणून एका रेडिओवाल्याकडून पेटी करून घेतली. उन्हाळ्यात त्या पेटीवर चहा गरम राहायचा. लोकांना गाणं ऐकू यायचं, बास.

शंभर वॉटच्या नादी लागू नकोस. सोसायटीची मीटिंग लागेल.

सोल्डरचा_वास

कल्याण_स्लो, दुरुस्तीचं काम करतो म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या टेबलावर आठवड्याला दोन-तीन अ‍ॅम्प येतात, आणि निम्मे तरी चुकीच्या कारणासाठी घेतलेले असतात.

आधी वॉटचं भूत उतरवू. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे तुमच्या दहाच्या जागी शंभर आणला तरी बाकी सगळं तेच असेल तर आवाज अंदाजे दुपटीने मोठा वाटेल, दहापट नाही. बाकी सगळं तेच नसतं, हीच मेख आहे. पॅकेजमधल्या अ‍ॅम्पमध्ये सहा-साडेसहा इंची स्पीकर असतो. एका वॉटवर एक मीटर अंतरावर असा छोटा स्पीकर साधारण ९० डेसिबल देतो, चांगला बारा इंची ९८ ते १०० देतो. तो आठ-दहा डेसिबलचा फरक म्हणजे सहा ते दहापट वॉट फुकटात मिळाल्यासारखं. दुकानात गेलात की आधी जाळीमागे किती इंची स्पीकर आहे ते बघा, मग वॉट.

दुसरं तुमच्याच पोस्टमध्ये आहे: "बेस आणि ट्रेबल फुल". मिडचं, म्हणजे मधल्या स्वरांचं, नावच नाही! घरी एकटं वाजवताना मिड खाली पाडला की आवाज मोठा, महाग वाटतो. सगळेच करतात, मीही केलंय. पण बँडमध्ये खालची जागा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस गिटारने घेतलेली असते, वरची झांजांनी. गिटारची खोली मधली, आणि तिला तुम्ही स्वतःच कुलूप लावलंय. हे असंच राहिलं तर शंभर वॉटनेही तुम्ही बुडालच, फक्त जास्त मोठ्याने. येत्या रविवारी तोच दहा वॉटचा घेऊन जा. बेस निम्म्याच्या खाली, मिड तीन चतुर्थांश, गेन (आवाज फाटवणारा नॉब) नेहमीच्या निम्मा. आणि अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका. जमिनीवरचा अ‍ॅम्प तुमच्या पोटऱ्यांना गाणं ऐकवतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवा, जरा मागे कलता, तोंड कानाकडे. ड्रमरला पुरणार नाहीच, पण फरक ऐकू येईल.

आता मावसभाऊ. ट्यूबचा पंधरा वॉट तुमच्या दहासारखा नसतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मर्यादेपलीकडे गेला की आवाज फाटतो आणि तुम्ही घाबरून मागे येता. ट्यूब त्या टप्प्यावर हळूहळू दबते आणि गोड लागते, म्हणून लोक तिला शेवटपर्यंत रेटतात. बारा इंची स्पीकरवरचा पंधरा वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प ड्रमरला सहज पुरतो. पण वन बीएचकेत तो व्हॉल्यूम एकच्या पुढे जाणार नाही, आणि एकवर ट्यूबची मजा शून्य. शिवाय तिकडचा अ‍ॅम्प १२० व्होल्टचा. आपल्याकडे २३०. गेल्या वर्षी एक मुलगा असाच आणलेला अ‍ॅम्प घेऊन आला. नुसता प्लग बदलून भिंतीत घातला होता. फ्यूज गेला असता तर वाचला असता, पण आधीच्या मालकाने फ्यूजच्या जागी चांदी गुंडाळलेली, सिगारेटच्या पाकिटातली. ट्रान्सफॉर्मरला जळक्या वेलदोड्यासारखा वास येत होता. आणायचाच असेल तर स्टेप-डाउन कन्व्हर्टर घ्यावा लागेल. ते धूड लोकलमध्ये दुसऱ्या हातात.

माझं मत: बॉस कटाना ५० वापरलेला शोधा. बारा इंची स्पीकर आहे. ताकद कमी-जास्त करायला स्विच आहे: अर्धा वॉट, २५, ५०. हेडफोनची सोय आहे आणि त्याच सॉकेटमधून मिक्सरला लाइन जाते, म्हणजे कार्यक्रमात माइक नसला तरी अडत नाही. वजन बाराएक किलो. एक सांगून ठेवतो, अर्धा वॉटसुद्धा पूर्ण उघडला की टीव्हीच्या वर जातो. नऊनंतर हेडफोनच. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० सालचे नियम आहेत. आपलं साधं बोलणंच साठच्या आसपास जातं. तेव्हा काकू कायद्याने बरोबर आहेत.

बेसवाली_कोल्हापूर

सोल्डरदादा, मिडबद्दल लिहिलंत ते छापून प्रत्येक गिटारवाल्याच्या केसमध्ये टाका. आमचा गिटारिस्ट ई स्ट्रिंग छेडतो तेव्हा मला माझाच बेस ऐकू येत नाही, इतका खर्ज भरलेला असतो.

पण कटाना घ्या या सल्ल्याशी मी सहमत नाही. कल्याण_स्लोदादा, रूमवरचा तो मोठा काळा म्हणजे दोन स्पीकरवाला रोलंड जाझ कोरस असणार. १९७५ पासून निघतोय, १२० वॉट, आणि बऱ्याच प्रॅक्टिस रूममध्ये हाच असतो कारण ट्यूब नाहीत, बदलायला काही नाही. तासाचे चारशे भरताय त्यात त्याचंही भाडं आहे! मग बारा किलो उचलून का न्यायचे? डावीकडच्या चॅनेलला लावा, तिथे व्हॉल्यूम आणि टोनचे मिळून चारच नॉब. बाकीच्या अर्ध्या पॅनेलकडे बघूच नका. आवाज अगदी स्वच्छ येईल, कोरडा वाटेल. पुढे एक ओव्हरड्राइव्ह (आवाज जरा फाटवणारं) पेडल ठेवा, खिशात मावतं. घरच्यासाठी व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग घ्या. गिटारच्या सॉकेटमध्येच बसतो, दोन बारक्या सेलवर चालतो, हेडफोन त्यालाच. पंचवीसमधले निम्म्याहून जास्त पैसे उरतील, गिटार नीट सर्व्हिस करून घ्या.

सोल्डरचा_वास

ताईंचा मुद्दा बिनतोड आहे, पैशाच्या दृष्टीने तर नक्कीच. माझी अडचण एकच. अ‍ॅमप्लगवर महिनाभर जो आवाज ऐकून हात बसतो तो रविवारी मिळत नाही, मग पुन्हा वीस मिनिटं जातात. एकाच अ‍ॅम्पवर घरी आणि बाहेर वाजवलं की हात त्याला ओळखायला लागतो. पण लोकल मी नाही पकडत, तुम्ही पकडता.

कल्याण_स्लो

दादा, ताई, काका, मनापासून आभार. एक शंका: घरी गिटारच्या तारांना हात लावला की गुणगुण थांबते, हात काढला की परत सुरू. गिटार बिघडली का?

सोल्डरचा_वास

गिटार बहुतेक ठीक आहे. तारांना लागलं की तुमचं शरीर गिटारच्या अर्थला जोडलं जातं, म्हणून गुणगुण बसते. थोडी असणं चालतं. फार असेल तर त्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतीत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आणि गुणगुण घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाका असं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. उद्या आत काही सुटलं तर करंट तारांतून तुमच्यात येईल.

कल्याण_स्लो

सहा आठवड्यांनी परत येतोय, रिपोर्ट द्यायला.

पहिल्या रविवारी ताईंचं ऐकलं. जाझ कोरसच निघाला. डावीकडे लावला, मित्राचं पेडल उसनं आणलं, मिड वर. ऐकू आलो. इतका की दुसऱ्या कडव्यात एक कॉर्ड चुकवलेला सगळ्यांना कळला, आजवर तो कोणालाच कळत नव्हता. गायिका हसली. मी गेले चार महिने तो चुकीचाच वाजवत होतो म्हणे.

तरी शेवटी कटाना घेतला. घाटकोपरच्या एका मुलाकडून, वापरलेला, सतरा हजारांना. त्याचं कारण रूम नव्हे, घर. हेडफोन लावून रात्री दहाला पलंगाच्या कडेला बसतो, मुलगी तिकडे झोपलेली, आणि बायकोला फक्त तारांची टिकटिक ऐकू येते. ती म्हणाली, कोणीतरी नखं कापतंय असं वाटतं. रविवारी सकाळी एक तास अर्ध्या वॉटवर, स्टुलावर सतरंजीची घडी घालून. खालच्या मजल्यावर जाऊन ऐकून आलो, जवळजवळ काही नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "वाजव, पण ते एकच गाणं किती वेळा?"

रूमवर तो नेलेला नाही. एकदाच नेला, दिवा स्टेशनला गर्दीत गुडघ्यावर आपटला. तिथे जाझ कोरस जिंदाबाद. मावसभावाला चॉकलेट आणायला सांगितलंय.

एकच त्रास आहे. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर येते. दरवाजाच्या कडीला मारतो तो स्प्रे घरात आहे, तो चालेल का?

सोल्डरचा_वास

तो नको. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि पावसाळ्यात त्यावर धूळ बसून दुप्पट खरखर येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मागा. प्लग काढा, नॉब ओढून काढा, दांड्याच्या मुळाशी अगदी थोडा फवारा, आणि वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. अर्धा तास सुकू द्या, मगच लावा. तरीही खरखर राहिली तर घेऊन या, पॉट (नॉबखालचा भाग) बदलून देतो. मी ठाण्यातच असतो, तुमच्या प्रॅक्टिस रूमच्या दिवशी जमेल.