मदत हवी आहे: दोन अवयवांच्या (सिलेबलच्या) इंग्रजी विशेषणांना शेवटी 'अर' (-er) लावायचं की आधी 'मोर'?

मराठी माध्यमाच्या सातवीला इंग्रजी शिकवते. 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' मुलांना जमलंय. 'हॅपी'चं 'हॅपिअर' होतं, 'ब्यूटिफुल'च्या आधी 'मोर' येतं, 'गुड, बेटर, बेस्ट' पाठच करायचं, इथपर्यंतही अडचण नाही. 'मोर टॉलर' ही चूक मात्र जाता जात नव्हती. आपण 'जास्त उंच' म्हणतो, तेच मुलं इंग्रजीत आणतात. मग लसावि-मसाविमधले 'लघुतम' आणि 'महत्तम' फळ्यावर लिहिले, 'तम' म्हणजेच 'एस्ट' असं सांगितलं, 'सर्वात लघुतम' का चुकीचं तेही दाखवलं. त्याचा खरंच उपयोग झाला.

अडले आहे ते दोन अवयवांच्या शब्दांवर. 'नॅरो', 'क्लेव्हर', 'सिंपल', 'क्वाएट' यांची दोन्ही रूपं शब्दकोशात सापडतात. 'केअरफुल', 'यूसफुल' यांना मात्र फक्त 'मोर'. एका मुलीने 'मोर क्लेव्हर' लिहिलं, मी ते चूक दिलं आणि घरी येऊन शब्दकोश पाहिल्यावर वाईट वाटलं. तिचे गुण उद्या देणारच आहे.

दोन व्याकरणाची पुस्तकं पाहिली. दोन्हींत 'काही शब्दांना दोन्ही चालतात' एवढंच आहे, कोणत्या ते नाही. वर्गात मोबाइल नाही, त्यामुळे मुलांना लक्षात ठेवता येईल असंच काही हवं.

शब्दाच्या शेवटावरून, म्हणजे 'ओ', 'ल', 'र' असे शेवट असले तर दोन्ही रूपं चालतात, असा भरवशाचा नियम करता येतो का? आणि पेपर तपासताना तुम्ही अशा शब्दांची दोन्ही उत्तरं बरोबर धरता का?