'ऱ्योकान'ला मराठीत काय म्हणावे?

मुक्कामी

गेल्या वसंतात आम्ही दोघे क्योतो शहरात, हिगाशियामा डोंगराच्या पायथ्याशी, सान्नेनझाकाच्या उतारालगतच्या एका ऱ्योकानमध्ये, म्हणजे जुन्या धाटणीच्या जपानी मुक्कामाच्या जागेत, दोन रात्री राहिलो. १९७६ सालापासून ही जुनी वस्ती संरक्षित असल्यामुळे दगडी फरसबंदीची गल्ली आणि लाकडी जाळ्यांची दुमजली घरे अजून टिकून आहेत. या मुक्कामावर मी एक लेख लिहिला आणि त्यात सर्वत्र 'सराई' हा शब्द योजला. संपादकांनी तो खोडून 'अतिथिगृह' असा केला. माझ्या आत्याने हस्तलिखित वाचून दोन्ही शब्द नाकारले. "सराईत घोडे बांधतात आणि अतिथिगृहात साहेब उतरतात, तुम्ही तर कोणाच्या तरी घरी राहून आलात," असे तिचे म्हणणे आहे.

तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. दारातून आत गेल्यावर 'गेंकान' नावाच्या सखल जागेत पादत्राणे उतरवून एक पायरी वर चढावे लागते, आणि तेथे मालकीणबाई गुडघे टेकून स्वागत करतात. खोलीत पलंग नसतो. रात्रीचे जेवण खोलीतच बैठ्या मेजावर येते, आणि ते आटोपल्यावर बाई मेज बाजूला सारून, भिंतीतल्या कपाटातून गाद्या काढून अंथरूण घालतात. भाडे खोलीवर नसून माणशी असते आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. हे सारे ज्यात मावेल, असा एखादा मराठी शब्द आहे काय?

शब्दार्थी

मूळ शब्दाची फोड केल्यास वाट सापडेल. 'ऱ्यो' म्हणजे प्रवास आणि 'कान' म्हणजे मोठी वास्तू. जपानीत ग्रंथालय 'तोशोकान' असते आणि चित्रपटगृह 'एइगाकान' असते. म्हणजे आपले 'आलय' आणि 'गृह' जे काम करतात, तेच तेथे 'कान' करतो. या न्यायाने 'प्रवासगृह' किंवा 'पथिकगृह' हा शब्द सरळ सिद्ध होतो. 'अतिथिगृह' मात्र मलाही मान्य नाही. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी फोड आपण शाळेत शिकलो. येथे तर जेवणाची सिद्धता करायची म्हणून येण्याचा दिवसच नव्हे, तर वेळही आधी कळवावी लागते. 'सराई' फारसी आहे. आपल्याजवळ घडवण्याची सोय असताना उसने का घ्यावे? 'दिनांक' आणि 'महापौर' हे शब्दही एके काळी घडवलेलेच होते.

घाटावरचा

'दिनांक' रुजला, कारण तो प्रत्येक अर्जावर छापला गेला. 'पथिकगृह' कोण कोठे छापणार आहे? आणि 'सराई' उसनी म्हणून टाकायची असेल, तर 'मुक्काम', 'मुसाफिर' आणि 'सामान' हेही गाठोड्यात बांधून परत पाठवावे लागतील.

माझा मुद्दा वेगळा आहे. आपण नाम शोधत आहोत. पण मराठीने हे सारे क्रियापदात ठेवले आहे. पंढरपुरात आमचे आजोबा वर्षानुवर्षे क्षेत्रोपाध्यायांच्या वाड्यात 'उतरत' असत. त्या जागेला त्यांनी कधीही सराई, निवास किंवा गृह म्हटले नाही. ओसरीवर पाय धुणे, यजमानीणबाईंनी पाने मांडणे, रात्री माजघरात जाजम पसरणे, हे सर्व त्या एका 'उतरणे'त येत असे. "कोठे उतरलात?" या प्रश्नातला आपलेपणा 'पथिकगृहात वास्तव्य केले' या वाक्यात आणून दाखवावा.

शिवाय जपानी लोकांनी स्वतः या जागांचे जे भेद केले, ते पाहण्यासारखे आहेत. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) राजमार्गावर जेवण देणाऱ्या मुक्कामाच्या जागेला 'हातागो' म्हणत. हा शब्द मुळात प्रवासात घोड्याचा चारा नेण्याच्या टोपलीचा होता. (आत्याबाईंचा घोडा येथे भेटतो!) दुसरी जागा 'किचिन-यादो'. तेथे प्रवासी आपला शिधा आपण शिजवी आणि केवळ सरपणाचे पैसे देई. 'कि' म्हणजे लाकूड आणि 'चिन' म्हणजे मोल. ही आपल्या धर्मशाळेच्या अगदी जवळची जागा आहे. म्हणून ऱ्योकानला कोणी 'धर्मशाळा' म्हणू लागले, तर ती चूक ठरेल, एवढे मात्र मी ठामपणे सांगतो.

माजघर

'सराई' परकी कशी? 'लग्नसराई' हा शब्द घराघरांत आहे. लग्नाची वऱ्हाडे सरायांमध्ये उतरत, त्यावरून तो आला असावा, असे आमचे मराठीचे गुरुजी सांगत.

शब्दार्थी

गुरुजींविषयी आदर राखून असहमती नोंदवतो. तेथे 'सराई'चा अर्थ हंगाम असा आहे. शेतकरी सुगीची सराई म्हणतो, तेव्हा कोणीही कोठेही उतरलेले नसते. ध्वनी एक असला, तरी या दोन शब्दांना एकाच दावणीला बांधू नये.

ऱ्हस्वदीर्घ

शब्द मराठीत आणण्याआधी तो नीट लिहू या. बहुतेक ठिकाणी 'रियोकान' असे छापले जाते, आणि त्यामुळे एका मात्रेच्या दोन मात्रा होतात. जपानी 'ऱ्यो' हा एकच उच्चार आहे आणि तो दाखवणारे अक्षर मराठीजवळ आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील फरक ज्या लिपीला दाखवता येतो, तिने 'रियो' लिहिणे हा आळस आहे.

घाटावरचा

मराठीत 'ऱ्य' शब्दाच्या आरंभी येतो कोठे? दऱ्या, वाऱ्या, पायऱ्या, सर्वत्र तो मध्ये किंवा शेवटी आहे. वाचणारा आरंभीच अडखळेल.

ऱ्हस्वदीर्घ

'ऱ्हास' आणि 'ऱ्हस्व' लिहिताना आपण अडखळत नाही. जोडाक्षर वेगळे असले, तरी खूण तीच आहे.

मुक्कामी

चर्चा वाचून आनंद होत आहे, आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या मुक्कामाजवळच 'गिओन' ही प्रसिद्ध वस्ती आहे. हे नाव श्रावस्तीच्या जेतवनावरून, म्हणजे जेत राजपुत्राच्या नावाच्या बुद्धकालीन उद्यानावरून, आले आहे: बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत जेतवनासाठी जी नावे रूढ झाली, त्यांतील 'गि' हा जेताचा अवशेष आणि 'ओन' म्हणजे उद्यान. १८६८ सालापर्यंत तेथील यासाका देवस्थानही गिओन याच नावाने ओळखले जात असे. आपला शब्द तेथे इतका रुळला की परका वाटेनासा झाला. मग ऱ्योकानला येथे तीच मुभा द्यावी, असे मला आता वाटू लागले आहे.

शब्दार्थी

त्यांनी 'जेत' ध्वनीने घेतला. पण 'वन' मात्र अर्थाने, स्वतःच्या शब्दाने घेतले. हे माझ्याच बाजूचे उदाहरण झाले.

माजघर

लेखात खोली 'आठ तातामींची' (तातामी म्हणजे जमिनीवर अंथरायची जाड गवती चटई) असे असेल, तर तेथे मराठीची अडचण मुळीच नाही. आमचे घर सहा खणांचे होते, असे आपण म्हणत आलो आहोत. दोन तुळयांमधला खण जसा घरागणिक थोडा बदलतो, तशी तातामीही बदलते. क्योतोची सुमारे १९१ सेंटीमीटर लांब, तर तोक्योची १७६. मात्र खोलीतल्या 'तोकोनोमा'ला आपण काय म्हटले आहे?

मुक्कामी

'कोनाडा' म्हटले आहे.

घाटावरचा

कोनाड्यात पणती राहते. तोकोनोमात भिंतभर चित्रपट्टी टांगतात आणि खाली पुष्परचना ठेवतात. कोनाडा कसा चालेल?

शब्दार्थी

'देवळी' का नको?

माजघर

देवळीत देव हवा.