गोड्या पाण्यातला चोणक आणि अमेरिकेतला बास: खावा की सोडून द्यावा?

कुळागरातली_सून
नमस्कार. गोव्यात वाळपईजवळ आमच्या कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, लागून तळी आहे. गेल्या वर्षी दिरांनी त्यात चोणकाची (काही जण याला जिताडा म्हणतात) बोटभर पिल्ले सोडली. आता एकेक पाऊण ते एक किलोच्या घरात गेलाय. परवा पहिला काढला, रवा लावून तळला. दिसायला अगदी बाजारातल्या चोणकासारखा, पण घास तोंडात गेल्यावर ओल्या मातीचा, शेवाळलेल्या दगडाचा वास. सासूबाईंनी तुकडी ताटाच्या कडेला सारली आणि सोलकढीवर जेवण आटोपले. दिरांचा चेहरा बघवत नव्हता, वर्षभर पहाटे उठून त्यांनी खाद्य घातलंय. हे मासे ठेवण्यात अर्थ आहे का?

दुसरी गोष्ट नणंदेची. ती अमेरिकेत ओहायोत असते. तिचे यजमान जवळच्या तळ्यावर गळ टाकतात, त्यांना लार्जमाउथ बास मिळतो. तिकडचे मित्र म्हणतात फोटो काढ आणि सोडून दे. नणंदेला पाचवा महिना आहे आणि नुस्त्याशिवाय (माशाशिवाय) तिला जेवण जात नाही. तिने तो खावा का?

दिवाडचा_माणूस
ताई, मानशीतल्या, म्हणजे खाडीच्या बांधाच्या दारापाशी खाऱ्या पाण्यात मिळणाऱ्या, चोणकाची चव तळीतल्याला यायची नाही, हे आधी मान्य करा. खाऱ्या पाण्यात राहायचं म्हणून मासा अंगात ग्लायसीनसारखी अमिनो आम्लं साठवतो, तोच तो गोडवा. गोड्या पाण्यात त्याला त्याची गरज नसते. पण मातीचा वास ही वेगळी गोष्ट. तो जातो. टाकून देऊ नका.

डिचोलीतला_मासेवाला_शेतकरी
ताई, मी सात वर्षं गोड्या पाण्यात चोणक वाढवतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तो वास मातीचा नव्हेच. तळीत उरलेलं खाद्य कुजतं, पाणी हिरवं होतं, निळं-हिरवं शेवाळ वाढतं. त्यातून जिओस्मिन नावाचा पदार्थ सुटतो. पहिल्या पावसाला जमिनीचा जो वास येतो तो याच जिओस्मिनचा. कल्ल्यांतून तो माशाच्या अंगात शिरतो आणि चरबीत बसतो: कातडीखाली, पोटाच्या पातळ भागात, कण्यालगतच्या काळपट मांसात. म्हणून मसाला कितीही लावा, वास आतून येतो.

उपाय सोपा आहे. मासा तळीतून काढल्याबरोबर कापू नका. विहिरीच्या स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवा, पाणी सतत बदलतं ठेवा, एअरेटर (पाण्यात हवा सोडणारा पंप) लावा, वर जाळी घाला कारण हा उडी मारतो. खाद्य पूर्ण बंद. मी सात दिवस ठेवतो. वजन थोडं उतरतं, ते सोसायचं. टाकी आधी घासून घ्या. कडेला शेवाळ राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात.

मारताना लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्या आणि बर्फात घाला. हात मात्र सांभाळा, चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. माझ्या अंगठ्यावर तिची खूण आहे.

एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, हिरवं होतं, तेव्हा मी विक्रीला काढतच नाही. खाद्यही हात राखून घाला. दहा-पंधरा मिनिटांत संपेल तेवढंच.

दिरांना एक विचारा, सोडले किती आणि उरले किती? चोणक आपल्याच भावंडांना खातो. पिल्लं लहान असताना दर चार-पाच दिवसांनी आकाराप्रमाणे वेगळी केली नाहीत तर मोठं पिल्लू धाकट्याला सबंध गिळतं. पहिल्या वर्षी माझ्या तळीत निम्मीच राहिली होती. मला वाटलं खंड्या नेतो. मग रात्री बॅटरी मारली तर पाण्यात लालसर डोळे चमकत होते, आणि एकाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर. पुढच्या खेपेला पिल्लं आणण्याआधी जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत जाऊन बोला.

मडगाव_ते_मिशिगन
नणंदेबद्दल मी सांगते, कारण मीही गरोदरपणी हाच प्रश्न घेऊन बसले होते.

नावात बास असला तरी हा चोणकाचा भाऊबंद नव्हे, सनफिश नावाच्या वेगळ्याच कुळातला आहे. मांस पांढरं, घट्ट, चरबी कमी. चवीला मला आवडतो. पण तो तळ्यातला शिकारी. लहान माशांतला पारा त्याच्या अंगात साठत जातो आणि वयाबरोबर वाढतो. इथे लक्षात ठेवा, जिओस्मिन कातडी-चरबी काढून कमी होतं, पारा होत नाही. तो मांसातच असतो, तळून-उकडून जात नाही.

राज्य सरकार कुठल्या पाण्यातला कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा याची यादी काढतं. नणंदेच्या यजमानांनी त्यात आपलं तळं शोधावं. तळ्याचा उल्लेखच नसेल तर इथला सरकारी सल्ला असा की आठवड्यात एकदाच खावा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा नको. शिवाय डॉक्टरांना विचारायचंच. किती लांबीचा आणि किती मासे घरी न्यायचे याचेही नियम असतात, परवाना लागतो.

आम्ही नियमात बसणाऱ्यांतले लहानच ठेवतो. मोठा लागला की सोडतो. तो जुना असतो, पारा जास्त, आणि तळ्याला वीण त्याच्यापासूनच मिळते. तिला नुस्त्याची भूक असेल तर या महिन्यांत बाजारातला सॅल्मन किंवा सार्डिन जास्त बरा. सार्डिन म्हणजे आपले तारलेच, त्यामुळे हुमणही (नारळाच्या वाटणाची माशाची आमटी) जमतं.

दिवाडचा_माणूस
मोठा सोडण्याचं म्हणालात ते आमच्याकडेही खरं आहे. चोणक जन्मतो नर, काही वर्षांनी त्याची मादी होते. म्हणजे मानशीत सात-आठ किलोचा आला तर ती बहुधा अंड्यांची मादी. त्याला भावही मोठा मिळतो, त्यामुळे सोडताना जीव तुटतो, पण मी दोनदा सोडलाय. ताई, तुमचे अजून लहान, मादी झालेले नसणार. निर्धास्त खा.

पेडण्याची_काकू
बाय, रवा लावून तळू नको गं, पहिल्यांदा आंबट कर. जिओस्मिनला आंबट सोसत नाही. कातडी काढ, पोटाकडची चरबी काढ, तुकड्यांना मीठ आणि लिंबू चोळून वीस मिनिटं ठेव, धू. मग ओल्या नारळाच्या वाटणात चिंचेऐवजी बिमली (झाडाची आंबट फळं) घाल, उतरताना पाच-सहा तिरफळं ठेचून. तिरफळांच्या बिया मात्र काढ, नाहीतर कचकच लागते.

कुळागरातली_सून
दहा दिवसांनी लिहितेय. शेतीच्या औषधाचं जुनं पिंप न वापरता नवीन आणून त्यात दोन मासे सात दिवस ठेवले. आज बिमली घालून हुमण केलं. वास नाही. मानशीतल्याची चव नाही हेही खरं. सासूबाईंनी दोनदा रस मागितला आणि डोकं दिरांच्या ताटात वाढायला सांगितलं.

मोजले तर दोनशेंतले साठच उरलेत, डिचोलीचे काका म्हणाले तसंच. नणंदेच्या यजमानांना यादी सापडली, त्यांच्या तळ्यातला बास महिन्यातून एकदाच. तिने बाळंतपण होईपर्यंत नको म्हटलंय.

पावसात आमची तळी भरून ओहोळात वाहते. त्याआधी सगळे काढू का?

डिचोलीतला_मासेवाला_शेतकरी
काढाच. निदान सांडव्याला बारीक जाळी बांधा आणि रोज पाला साफ करा. ओहोळात चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात, त्यात तुमचे साठ चोणक सुटले तर ओहोळात काही उरणार नाही.