पतसंस्थेत लिबरऑफिस आणायचंय: २२ संगणक, श्रीलिपीतल्या जुन्या फायली, सुरुवात कुठून?

गोदाकाठ_लेखनिक

नमस्कार मंडळी,

पंचवटीत मुख्य कार्यालय आणि सिडको, सातपूर, दिंडोरी अशा तीन शाखा असलेल्या पतसंस्थेसाठी विचारतोय. एकूण २२ संगणक. बहुतेक विंडोज १०, काही ११, आणि दिंडोरीला एक विंडोज ७ अजून तग धरून आहे. ऑफिस कुठे २०१०, कुठे २०१६. २०१६ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि नवीन लायसन्स घ्यायची नाहीत असं संचालक मंडळानं ठरवलंय. त्यामुळे लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलचीच कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर.

रोजचं काम असं: थकबाकीच्या नोटिसा (मेल मर्ज, म्हणजे एकाच नमुन्यात यादीतली नावं-रकमा आपोआप भरून), ठरावांचे मसुदे, वार्षिक अहवाल, बँकिंग सॉफ्टवेअरमधून एक्सेलमध्ये निघणाऱ्या याद्या, ऑडिटरला पाठवायची पत्रकं. जुना मराठी मजकूर निम्मा श्रीलिपीत, थोडा डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये (दोन्ही जुने फाँट), अलीकडचा मंगल फाँटमध्ये.

१. सगळीकडे एकदम टाकावं की शाखेशाखेनं?
२. फायली डॉकएक्स, एक्सएलएसएक्समध्येच ठेवाव्यात की लिबरऑफिसच्या ओडीटी, ओडीएसमध्ये?
३. श्रीलिपीच्या फायलींचं काय करायचं?

---

सातपूर_सपोर्ट

इन्स्टॉलेशन हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. आधी एक चाचणी करा, नाहीतर पहिल्याच दिवशी काउंटर अडेल.

तुमच्या बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये 'एक्सपोर्ट टू एक्सेल' बटण असेल. जुनी, विशेषतः व्हीबी ६ मध्ये लिहिलेली सॉफ्टवेअर फाइल स्वतः तयार करत नाहीत. ती मागच्या दारानं एक्सेल उघडतात आणि त्यात एकेक सेल भरतात. एक्सेल काढलंत की ते बटण दाबल्यावर 'रन-टाइम एरर ४२९' येणार, कारण हाक मारायला एक्सेलच उरलेलं नसतं. लिबरऑफिसमध्ये कुठलीही सेटिंग बदलून हे सुटत नाही. एका मशीनवरून ऑफिस काढा, प्रत्येक रिपोर्टचं बटण दाबून बघा आणि अडलेल्यांची यादी करा. त्याच रिपोर्टला सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) किंवा टेक्स्टचा पर्याय असेल तर काम भागलं. नसेल तर सॉफ्टवेअरवाल्याकडे लेखी मागा. त्याच्या दृष्टीनं ते फार मोठं काम नाही.

सीएसव्ही कॅल्कमध्ये (लिबरऑफिसचं एक्सेल) उघडताना इम्पोर्टची खिडकी येते. घाईघाईत ओके करू नका. कॅरेक्टर सेट युनिकोड (यूटीएफ-८), खाते क्रमांकाचा कॉलम निवडून प्रकार 'टेक्स्ट', तारखेच्या कॉलमला 'डेट (डीएमवाय)'. हे चुकलं तर ००१२४७ चं १२४७ होतं आणि ०३/०४ ही ३ एप्रिलची तारीख ४ मार्च होऊन बसते. त्यातही फसवं म्हणजे १३ तारखेपासून पुढच्या तारखा बदलत नाहीत, नुसत्या मजकूर म्हणून डावीकडे चिकटतात. एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या तर फाइल बंद करून नव्याने इम्पोर्ट करा.

आवृत्तीबद्दल: २५.८ पासून विंडोज ७ आणि ८ चालत नाही. दिंडोरीच्या मशीनला २५.२ हीच शेवटची. माझं मत विचाराल तर ते मशीनच बदला. बाकी सगळीकडे एकच आवृत्ती टाका, आणि तीही अगदी ताजी नको. नवी आवृत्ती फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येते, तिच्या तीन-चार दुरुस्त्या निघाल्या की घ्यावी. डाउनलोड फक्त लिबरऑफिसच्या अधिकृत साइटवरून.

क्रम: आधी मुख्य कार्यालयातली दोन मशीन, मग सिडको, मग बाकीचे. फेब्रुवारी-मार्चच्या वसुलीत हात घालू नका. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकते, त्यानंतरचा ऑक्टोबर बरा.

---

कॅनडाकॉर्नर_ऑडिट

ऑडिटच्या बाजूनं दोन-तीन गोष्टी.

एक मशीन एक्सेलसह ठेवाच. जीएसटीआर-९ चं ऑफलाइन टूल आणि आयकर विवरणाच्या एक्सेल युटिलिटी या मॅक्रोवर, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर, चालणाऱ्या फायली आहेत. कॅल्क त्या उघडेल, पण 'व्हॅलिडेट' किंवा 'जनरेट' बटण दाबल्यावर भरवसा नाही. कॅल्कला व्हीबीए, म्हणजे एक्सेलच्या मॅक्रोची भाषा, काही प्रमाणातच कळते. टीडीएसचं विवरणपत्र तयार करणारं आरपीयू सॉफ्टवेअर जावावर चालतं, त्याला ऑफिस लागत नाही.

हे एक मशीन लायसन्सचंच असू द्या. 'एकाच मशीनवर क्रॅक टाकू' हा विचार आधी डोक्यातून काढा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

आम्हाला येणाऱ्या पत्रकांत लाखाचे स्वल्पविराम हवेत. सेल निवडून फॉरमॅट सेल्समध्ये भाषा 'इंग्लिश (इंडिया)' करा आणि फॉरमॅट कोड #,##,##0.00 द्या. दर वेळी करायचं नसेल तर टूल्स > ऑप्शन्स > लँग्वेजेस अँड लोकॅल्समध्ये लोकॅलच भारताचं ठेवा.

एक्सेलमध्ये एका पानात बसणारं पत्रक कॅल्कमध्ये दोन पानांवर गेलं तर फॉरमॅट > पेज स्टाइल > शीट, स्केलिंग मोड 'फिट प्रिंट रेंजेस टू विड्थ/हाइट', रुंदी १ आणि उंची रिकामी.

सूत्रांची भीती बाळगू नका. एक्सलुकअप, फिल्टर, सॉर्ट, युनिक ही फंक्शन्स २४.८ पासून कॅल्कमध्येही आहेत. एक्सेलमधली पॉवर क्वेरी (बाहेरून डेटा आणून नीट लावायची सोय) मात्र नाही.

---

शाईपेन

एवढा खटाटोप कशाला? डब्ल्यूपीएस ऑफिस टाका, दिसायला हुबेहूब वर्डसारखं, तेही फुकट.

---

युनिकोड_ताई

@शाईपेन, फुकट आणि ओपन सोर्स यांत फरक आहे. डब्ल्यूपीएसचा सोर्स बंद आहे आणि संस्थेतल्या वापराच्या अटी निराळ्या आहेत, त्या वाचून मगच सुचवा. अपाची ओपनऑफिस ओपन सोर्स आहे, पण तेही नको: डॉकएक्स उघडतं, डॉकएक्समध्ये सेव्ह करत नाही.

आता श्रीलिपी. या जुन्या फाँटमध्ये मजकूर मराठी नसतोच. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. म्हणून शोध लागत नाही, नावं अकारविल्हे लागत नाहीत.

लिबरऑफिसमध्ये अशी फाइल उघडण्याआधी टूल्स > ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये जाऊन 'वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल', 'दोन कॅपिटल दुरुस्त करा' आणि 'लोकलाइज्ड ऑप्शन्स'मधली अवतरणचिन्हांची अदलाबदल बंद करा. जुन्या फाँटमध्ये स्मॉल आणि कॅपिटल ही दोन वेगळी मराठी अक्षरं असतात. टंकताना ऑटोकरेक्टनं एक अक्षर 'सुधारलं' की भलताच शब्द उमटतो. वर्डमध्ये हे कुणीतरी फार पूर्वी बंद करून ठेवलेलं असतं, त्यामुळे लोकांना वाटतं लिबरऑफिसनं मराठी बिघडवली.

रूपांतर सगळ्याचं करू नका. जुने ठराव, जुने अहवाल पीडीएफ करून ठेवा, मूळ फाइल जवळ ठेवा. युनिकोडमध्ये (जिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असतो) आणायच्या त्या नेहमी लागणाऱ्या फायली: नोटिशीचे नमुने, पोटनियम, सभासद यादी. सभासदांची नावं-पत्ते ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये चिकटवू नका, मशीनवर चालणारा कन्व्हर्टर घ्या.

रूपांतरानंतर तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर इथेच चुकतो. 'निश्चित', 'स्थिर', 'वर्षी', 'कर्जाची' हे शब्द शोधून बघा. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यांतला ऱ्य वेगळा तपासा. तो हातानं दुरुस्त करायचा तर इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त, मग य. आणि मजकुरात मध्येच असलेले इंग्रजी शब्द: पॅन क्रमांक, ईमेल, इंग्रजीतली फर्मची नावं. त्या भागाला वेगळा फाँट आहे हे न ओळखणारा कन्व्हर्टर त्यांचंही 'मराठी' करून टाकतो. सभासद यादीत पॅनचा कॉलम रूपांतरातून वगळाच.

मंगलबद्दल: विंडोज १० पासून मंगल आपोआप येत नाही, निर्मला येतो. मंगल हवा तर सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरीचे पूरक फाँट घ्यावे लागतात. त्यापेक्षा मुक्त लायसन्सचा एकच फाँट सगळ्या मशीनवर टाका. 'मुक्त' नावाचा फाँट ('एक टाइप' या संस्थेचा), नोटो सान्स देवनागरी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका. पत्रांना मुक्त, अहवालाला शोभिका शोभतो.

---

गोदाकाठ_लेखनिक

खूप उपयोग झाला. एका मशीनवर बटणं तपासली, सातपैकी दोन रिपोर्टना ४२९ येतोय. दोन्हींना सीएसव्ही आहे.

नोटिशीचा नमुना मात्र छळतोय. एक, मराठी अक्षरं मोठी आणि त्याच ओळीतले इंग्रजी आकडे बारीक दिसतात. सगळं निवडून १४ केलं तरी एखादा भाग १२ वरच राहतो. दोन, मेल मर्जमध्ये रक्कम स्वल्पविरामाशिवाय 125000.5 अशी येते, शीटमध्ये फॉरमॅट बरोबर असूनही. तीन, माझ्याकडे चालणारी मर्ज शेजारच्या मशीनवर चालत नाही.

---

युनिकोड_ताई

पहिलं माझ्याकडे. रायटर (लिबरऑफिसचं वर्ड) प्रत्येक मजकुराला दोन वेगळे फाँट आणि दोन वेगळे आकार देतो: एक पाश्चात्त्य लिपीसाठी, एक 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'साठी, म्हणजे आपल्यासाठी. इंग्रजी आकडे पहिल्यात मोडतात. एफ ११ दाबा, डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइलवर राइट क्लिक > एडिट स्टाइल > फाँट. दोन्ही खणांत मुक्त आणि दोन्हीकडे १४. त्यानंतर सगळा मजकूर निवडून कंट्रोल-एम, म्हणजे हातानं दिलेलं फॉरमॅटिंग निघून जाईल. ठळक केलेलंही जाईल, ते परत द्या. कॉम्प्लेक्सचा खणच दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या लँग्वेजेसमध्ये त्यावर टिक नाही.

हीच फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करून सगळ्यांना द्या.

---

सातपूर_सपोर्ट

रक्कम: मर्ज शीटमधला आकडा उचलतो, त्याची सजावट नाही. शीटमध्ये शेजारी एक कॉलम घ्या, त्यात टेक्स्ट फंक्शननं रक्कम #,##,##0.00 या कोडसह मजकुरात बदला आणि नोटिशीत तोच कॉलम घाला. तारखेलाही हेच.

शेजारचं मशीन: डेटा सोर्सची, म्हणजे मर्ज ज्या यादीतून होते तिची, नोंद त्या मशीनवरच्या त्या युजरपुरती असते, नोटिशीच्या फाइलबरोबर ती जाईलच असं नाही. शिवाय नोंदीत शीटचा पूर्ण पत्ता असतो. नेटवर्कवर शेअर केलेला फोल्डर एकाकडे झेड ड्राइव्ह, दुसऱ्याकडे वाय असेल तर संपलं. आधी सगळीकडे ड्राइव्हचं अक्षर एकच करा. मग प्रत्येक मशीनवर फाइल > विझार्ड्स > ॲड्रेस डेटा सोर्स > अदर एक्स्टर्नल > स्प्रेडशीट, आणि नोंदीचं नाव सगळीकडे तंतोतंत तेच द्या. शीटच्या पहिल्याच ओळीत कॉलमची नावं असावीत. वर संस्थेचं नाव, मर्ज केलेले सेल वगैरे काही नको. यादी बदलली की आधी शीट सेव्ह करा, मर्ज सेव्ह झालेलीच फाइल वाचते.

छापताना 'फॉर्म लेटर प्रिंट करायचं का' विचारतं, तिथे यस. आउटपुट थेट प्रिंटरला देऊ नका. फाइल निवडा, सगळ्या नोटिसा एका डॉक्युमेंटमध्ये घ्या, चार पानं डोळ्यांखालून घाला, मग छापा.

---

कॅनडाकॉर्नर_ऑडिट

दुसरा प्रश्न राहिलाच. टूल्स > ऑप्शन्स > लोड/सेव्ह > जनरलमध्ये कायम डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स करून टाका. बाहेरच्या कुणालाही ओडीटी पाठवली की 'फाइल उघडत नाही' असा फोन येतो.

---

युनिकोड_ताई

इथे मी असहमत. ज्या फायली संस्थेतच राहणार त्या ओडीटी, ओडीएसमध्येच ठेवा. लिबरऑफिसचं ते मूळ रूप आहे. डॉकएक्समध्ये प्रत्येक सेव्हला भाषांतर होतं. टेबल, क्रमांकन आणि मुखपृष्ठ असलेला वार्षिक अहवाल दहा वेळा उघडून सेव्ह केला की काहीतरी सरकतंच. ओडीएफ, म्हणजे ओडीटी-ओडीएस ज्यात येतात ते स्वरूप, २००६ पासून आयएसओ मानक आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्यानं २०२४ मध्ये ३० हजार संगणक लिबरऑफिसवर न्यायचं ठरवलं, तिथेही ओडीएफच धरलंय. बाहेर जाणारं पत्र पीडीएफ. समोरच्याला आकडे बदलायचे असतील तेवढ्यापुरती एक्सएलएसएक्स प्रत.

---

कॅनडाकॉर्नर_ऑडिट

अहवालापुरतं मान्य. पत्रकं मात्र मला एक्सएलएसएक्समध्येच द्या, ती महिनाभर इकडून तिकडे फिरतात.

---

सातपूर_सपोर्ट

शेअर केलेल्या फोल्डरवर फायली असतील तर एक गोष्ट सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. फाइल उघडली की त्याच फोल्डरमध्ये 'लॉक' नावाची लपलेली छोटी फाइल तयार होते. वीज गेली किंवा मशीन अडकून बंद झालं की ती तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी 'फाइल अमुक व्यक्तीकडे उघडी आहे, रीड-ओन्ली उघडू का' असं विचारतं. खरंच कुणाकडे उघडी नाही याची खात्री करून ती लॉक फाइल डिलीट करायची. मूळ फाइल नव्हे! अमुक व्यक्तीचं नाव दिसावं म्हणून प्रत्येक मशीनवर ऑप्शन्स > युजर डेटामध्ये नाव भरा, नाहीतर 'अननोन युजर' दिसेल आणि २२ टेबलं फिरावी लागतील. ऑटोरिकव्हरी १० मिनिटांवर असते, ती ३ वर आणा. दिंडोरीला यूपीएस नसेल तर २ वर.