मराठवाड्यात गिटारला कोटेड तारा लावायची खरंच गरज आहे का?

खुंटीपिळ्या (धागा काढणारा)

तारा कोणत्या घेऊ, असं कुणी विचारलं की हल्ली सगळीकडून एकच उत्तर येतं: "एलिक्सर घे, विषय संपव." अहो, त्या कंपनीचा कोटेड संच हजाराच्या वर जातो. नव्या पोराची गिटारच चार-पाच हजारांची असते, तिला हजाराच्या तारा?

कोटिंग म्हणजे तारेवरचा पातळ थर, त्याचं मुख्य काम ओलावा आणि घाम अडवायचं. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत ते पटतं. आपल्याकडं पावसाळा सोडला तर हवा कोरडी ठणठणीत. समुद्र शेकडो किलोमीटर लांब.

माझं मत सरळ आहे. अकूस्टिकला बिनकोटिंगचा फॉस्फर ब्राँझ संच, ११-५२ जाडीचा (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), आणि वाजवून झालं की जुन्या सुती कापडानं प्रत्येक तार वरून-खालून पुसायची. फॉस्फर ब्राँझमध्ये साधारण ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस असतो, त्यामुळं त्याच्या आवाजाची चकाकी टिकते. ८०/२० या दुसऱ्या प्रकारात ८० टक्के तांब्यासोबत २० टक्के जस्त असतं. ते पहिल्या दिवशी खणखणीत वाजतं आणि लवकर बसतं.

उलट मत असेल तर कारणासकट लिहा.

गोदाकाठचा

भौ, हवा कोरडी आहे म्हणता, पण हात कोरडे आहेत का? नांदेडात मे महिन्यात पारा ४३ वर जातो. पंख्याखाली बसून वाजवलं तरी बोटं ओली. तार समुद्राच्या मिठानं गंजली काय अन् घामाच्या मिठानं गंजली काय, तिला काय फरक? माझ्या हाताखाली चौथी तार आधी काळी पडते, मग हिरवट.

आणि सगळं कोटिंग एकसारखं नसतं. काही कंपन्या वरची बारीक तार आधी कोट करतात आणि मग गाभ्यावर गुंडाळतात, म्हणजे दोन वेढ्यांमधली फट उघडीच. एलिक्सर १९९७ च्या सुमारास आलं ते अख्ख्या गुंडाळलेल्या तारेवर पातळ थर देऊन. मळ बसतो तो फटीत. पैसे त्या फटीचे मोजायचे आहेत.

खुंटीपिळ्या

घामाचं मान्य. पण तार फक्त गंजून मरत नाही. जुनी झालेली तिसरी-चौथी तार सैल करा आणि पहिल्या तीन पडद्यांच्या (फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या) जागी खालून नख फिरवा. बारीक खाचा लागतील. फ्रेटवर दाबून दाबून वेढे चपटे होतात, तारेचं वजन सगळीकडं सारखं राहत नाही, मग खुली तार सुरात आणि वरचे पडदे बेसूर. ती खाच कोणतं कोटिंग अडवणार? शिवाय जोरात पिक मारणाऱ्याच्या कोटेड तारांना साउंडहोलपाशी (पोटावरच्या गोल भोकापाशी) पांढरे तंतू सुटतात, ते वेगळंच.

होस्टेल_रूम_१४

तुम्ही सगळे हजाराच्या गप्पा मारायलात. मी लातूरला नीटच्या तयारीला आहे, गिटार रात्री अर्धा तास. मेसचं बिल भरून जे उरतं त्यात दुकानातला सगळ्यात स्वस्त संच येतो. तो खराब झाला की दुसरा. कायम नव्या तारा, यात चूक काय? फक्त पहिली तार लै तुटायली, सुटी आणून आणून कंटाळा आला.

क्लासवाले_सर

ताई, संच बदलण्याआधी तार कुठं तुटते ते सांगा. ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा अडकवतात तिथं, तुटत असेल तर सॅडलला (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीला) धार आहे. नटपाशी (दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) तुटत असेल तर खाच अरुंद आहे, तिथं पेन्सिलीचं शिसं घासा. खुंटीपाशी तुटत असेल तर गुंडाळताना वेढ्यावर वेढा चढतोय. कोणत्याच कंपनीची तार धारेपुढं टिकत नाही.

स्वस्त संचात दोष हा की दोन संच सारखे निघतीलच असं नाही. त्यातल्या साध्या (बिनवेढ्यांच्या) तारांवर मुलामा बरेचदा कमी असतो, त्या न वाजवताही डागळतात. मधल्या किमतीचा संच घ्या, पण १०-४७. धागाकर्त्यांनी सरसकट ११-५२ सांगितलं ते मला पटत नाही. नवशिक्याची बोटं सोलून निघतात आणि पोर गिटार माळ्यावर टाकतं.

एक गोष्ट सगळ्यांनाच सांगतो. नायलॉनच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा चढवू नका. १२-५३ च्या स्टील संचाची एकूण ओढ सत्तर किलोच्या वर जाते, नायलॉनची त्याच्या निम्म्याला थोडी वर. ब्रिज उखडून हातात येतो. क्लासमध्ये अशा गिटारी दरवर्षी येतात. दुकानदारच लावून देतो, "आवाज मोठा येईल" म्हणून!

टाळमृदंग

आमचं भजनी मंडळ आहे, हल्ली त्यात गिटारही घेतो. हार्मोनिअम, पखवाज, वर दहा टाळ. यात तुमचं ते फॉस्फर ब्राँझचं गोडगोड वाजणं गुळात मुंगी बुडावी तसं बुडतं. ८०/२० च पाहिजे. लवकर बसेना का, ऐकू तर येतं.

खुंटीपिळ्या

दहा टाळांपुढं कोणतीच तार ऐकू येणार नाही माउली, तिथं पिकअप (तारांचा आवाज स्पीकरला देणारं यंत्र) लावा. आणि पिकअप-स्पीकरमधून दोन्ही तारांतला फरक बराच मिटतो.

टाळमृदंग

देवळात प्लग कुठं असतो ते एकदा येऊन बघा, मग बोलू.

जुगाडू_परभणी

तारा उकळून घ्या की राव! काढायच्या, दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, वाळवून परत चढवायच्या. फुकटात नव्या.

क्लासवाले_सर

वेढ्यांतला मळ निघतो, चार-दोन दिवस आवाज उघडतो, हे खरं. खाचा आणि गंज तसाच राहतो. शिवाय खुंटीपाशी मुडपलेली तार सरळ करून परत ताणली की नेमकी तिथंच तुटते. बास गिटारच्या जाड, महागड्या तारांसाठी ठीक. गिटारच्या पहिल्या-दुसऱ्या तारेला वेढेच नाहीत, उकळून काय मिळणार?

आणि उन्हाळ्यात तार खरखरली म्हणून लगेच तारेला दोष देऊ नका. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, वरची फळी किंचित बसते, तारा फ्रेटला टेकतात. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडं एप्रिल-मेत ती पुष्कळच खाली जाते. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत पिळलेला ओला स्पंज ठेवा, डबी गिटारच्या पिशवीत. कूलरसमोर मात्र गिटार ठेवू नका.

गोदाकाठचा

ऑनलाइन घेणाऱ्यांनी जपून. नामांकित ब्रँडच्या नकली तारा सर्रास विकल्या जातात. निम्म्या किमतीत दिसलं की समजायचं. डिअॅडॅरिओ कंपनीच्या पाकिटात एक कोड असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून बघता येतो.

बाकी मी कोटेडच लावणार. दर महिन्याला तारा बदलत बसायला मला वेळ नाही, त्या वेळेचेही पैसे धरा की हिशोबात.

खुंटीपिळ्या

तुमच्यासारख्या घामट हातांना सूट. पण सल्ला म्हणून सगळ्या जिल्ह्याला तेच सांगू नका.

होस्टेल_रूम_१४

सर, ब्रिजपाशीच तुटायली. सॅडलवर बोट फिरवलं, पहिल्या तारेखाली कंगोरा लागतोय. पॉलिश पेपर किती नंबरचा आणू?

क्लासवाले_सर

आधी चारशेचा, मग हजारचा. फक्त धार मोडेपर्यंत, हलक्या हातानं. जास्त घासलं तर उंची कमी होऊन तार खरखरेल. जुनी पहिली तार काढूनच करा, आणि नवीन तारेला खुंटीवर तीन-चार वेढे येतील एवढीच ढील ठेवा.